पॅन सोमवारपर्यंत सुकायला हवं

मंगळवार, ४ मार्च

आज चढावर गाडी मागे गेली. पुढे जायला हवी होती आणि मागे गेली!

इंजिन नुसतंच बोंबलत होतं. पाय दाबला की आवाज वाढायचा, चाकांना त्याचं काही नाही. मागे सिमेंटचा ट्रक. त्याचा हॉर्न अजून कानात आहे. ब्रेक दाबून धरला, गिअर न्यूट्रलला, परत ड्राइव्हला — जोरात हिसका बसला आणि निघाली एकदाची. सासूबाईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता, तो हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

बोलल्या काहीच नाहीत. बोलायचंच नाहीये त्यांना. घशात गाठ आहे, तिला किरणं देतात — सोमवार ते शुक्रवार, रोज अकरा वाजता, इथून तासाभराच्या रस्त्यावर. एकही दिवस चुकवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलंय. आणि आवाजाला पूर्ण विश्रांती. कुजबुजसुद्धा नको. म्हणून घरात आता टाळ्या. एक टाळी म्हणजे इकडे ये, लागोपाठ टाळ्या म्हणजे धावत ये. पण त्यांना उशी सरळ करून हवी असली तरी लागोपाठच वाजतात. धावत ये म्हणे. मी! डावा पाय लहानपणापासून लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरमध्ये, आणि धावत ये.

येताना चढ टाळून लांबच्या रस्त्याने आले. पोचेपर्यंत पाठ घामाने ओली.

बुधवार, ५ मार्च

सकाळी गाडी काढली तर जागेवर लाल डाग. ताटाएवढा. बोट लावून वास घेतला — गिअरबॉक्सचं ऑइल. म्हणजे हे कधीपासून चाललंय कोण जाणे.

नवऱ्याचा बोटीवरून फोन आला होता, मे महिन्याशिवाय तो काही सुटत नाही. त्याला म्हटलं, "म्हातारी गळायला लागली रे, आता काही खरं नाही तिचं." गाडीला आम्ही पहिल्यापासून म्हातारीच म्हणतो. मागे वळले तर दारात सासूबाई! त्यांना काय वाटलं ते चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी गडबडीने "गाडी, आई, गाडी" म्हणत अंगणाकडे हात केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस.

नवऱ्याला हसू आवरेना. त्याचं काय जातंय हसायला.

गुरुवार, ६ मार्च

येताना गॅरेजला थांबले. गॅरेजवाल्याने टॉर्च मारून खाली पाहिलं. गिअरबॉक्सच्या बुडाशी पत्र्याचा ट्रेसारखा भाग असतो, त्यात ऑइल साठतं. त्याला पॅन म्हणतात. त्या पॅनच्या कडेचं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पट्टी, गेलंय. "आधी कुणीतरी बोल्ट नको इतके आवळलेत," म्हणाला. काम मोठं नाही, पण त्याची लिफ्ट अडकलेली; पुढच्या बुधवारच्या आधी गाडीला हात लावता येणार नाही. तोवर ऑइल टाकत राहा म्हणाला. रोजच्या टॅक्सीचंही विचारून झालं. इतक्या लांब जाऊन ताटकळत थांबायला कुणी तयार नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मोठ्या दिरांचा फोन. त्यांना नवऱ्याकडून कळलंच होतं. ते म्हणाले, सोमवारपासून आईला हॉस्पिटलजवळच्या नर्सिंग होममध्ये ठेवू, मी खोली बघून ठेवली आहे, तुला तरी किती त्रास. मग म्हणाले, "तुझ्या त्या गाडीचा काही भरवसा नाही." फोन स्पीकरवर होता. सासूबाई समोर बसून भात कुस्करत होत्या. कुस्करत राहिल्या.

खरं लिहायचं तर — खोली बघून ठेवली म्हटल्यावर मला हायसं वाटलं. तीन आठवडे झाले, माझी कामाची खोली सासूबाईंना दिली आहे. कवळ्यांचं सगळं सामान मागच्या व्हरांड्यात. डेंटिस्ट फोनवर फोन करतायत, चार तोंडं माझ्या दातांसाठी खोळंबली आहेत. आणि कुणासाठी हे? लग्न ठरताना ज्यांनी मला समोर बसवून माझ्या आईला विचारलं होतं, हिला पाण्याची बादली तरी उचलता येते का?

पण गाडीबद्दल बोलायचं दिरांना काही कारण नव्हतं. दोन पेडलांची गाडी, एका पायावर चालते. ती आली तेव्हा मी पहिल्यांदा एकटी कुठेतरी गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. भरवसा नाही म्हणे!

शुक्रवार, ७ मार्च

आज धूर. टोलनाक्याच्या अलीकडे बॉनेटखालून जळका वास आला, मग दोन्ही बाजूंनी धूर. गळलेलं ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं. थांबले, गार होऊ दिलं, बरोबरचं सगळं ऑइल ओतलं, हळूहळू पोचलो. अकराला पाच कमी होती.

बुधवारपर्यंत ही टिकत नाही. उद्या नि परवा सुट्टी. दोन दिवसांत घरी करायचं.

गॅरेजवाल्याला तसं सांगितलं. आधी नको म्हणाला, ताई, खाली झोपून करायचं काम आहे ते. मी म्हटलं, मला झोपूनच बरं पडतं. हसला. मग त्याने सगळं नीट सांगितलं — जुनं गॅस्केट खरवडून काढायचं, दोन्ही कडा कोरड्या ठक्क करायच्या, सिलंटची चिकट पेस्ट लावून बोल्ट आळीपाळीने आवळायचे, आणि एक आख्खा दिवस त्याला हात लावायचा नाही. घाई केलीत तर सोमवारी पुन्हा गळेल. जॅक आणि दोन लोखंडी स्टँड दिले. स्टँडखाली जाड फळ्या टाका, तुमच्या अंगणातल्या फरशीवर विसंबू नका, म्हणाला.

सिलंट, गॅस्केट, ऑइल घेऊन आले. म्हणजे ठरलंच म्हणायचं. का ठरलं ते मला विचारू नये कुणी.

शनिवार, ८ मार्च, दुपारी

गाडीचं तोंड वर चढवलं. कॅलिपर काढून ठेवलं, त्याच्यासकट सरकता येत नाही. पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत गेले. सासूबाई खुर्ची घेऊन बाहेर बसल्या. मी सांगितलं नव्हतं. टॉर्च मात्र दिला त्यांच्या हातात, म्हटलं बसल्याच आहात तर.

कोपऱ्यातला बोल्ट सैल केला आणि ऑइल आलं — घमेल्यात कमी, माझ्या कोपरावर जास्त. पॅन काही सुटेना. कुणीतरी मागे कधी डिंकासारखं काहीतरी फासून ठेवलंय. प्लॅस्टरची बोथट सुरी चारी बाजूंनी हळूहळू सरकवली. पंधरा मिनिटं ढिम्म. मग एकदम सुटलं, उरलेलं सगळं ऑइल छातीवर.

बाहेर येऊन पाहिलं तर सासूबाईंचे खांदे हलत होते. हसत होत्या! आवाज न करता.

पॅन धुतलं. तळाशी लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी चिखल. गॅरेजवाला म्हणाला तो असायचाच. मग माझा काचेचा पाट आणला. पॅन त्यावर पालथं ठेवून मागून दिवा धरला. कवळी बसते की नाही ते मी असंच बघते. जिथे उजेड दिसला तिथे कड वाकलेली. प्रत्येक बोल्टच्या भोकापाशी दिसला. आवळून आवळून खड्डे पाडलेत. लाकडी ठोकळ्यावर ठेवून एकेक भोक सपाट केलं. हे काम मला येतं. दोन तास गेले पण उजेड बंद झाला.

आता वरची कड. ती आडवं पडूनच खरवडायची आहे. ॲल्युमिनियम मऊ असतं, चरा पडला की संपलं. प्लॅस्टर कालवायचा प्लॅस्टिकचा चमचा नि जुना टूथब्रश घेऊन जाते.

शनिवार, संध्याकाळी

नीट क्रमाने लिहून काढते.

वरची कड निम्म्याहून जास्त झाली होती. मी तंद्रीत होते. टाळ्या ऐकू आल्या. लागोपाठ. मला वाटलं पाणी हवं असेल. "थांबा हो जरा," म्हटलं. परत टाळ्या, आणखी जोरात. मी चिडले. आतूनच म्हटलं, "आई, हात अडकलेत माझे, एक दिवस तरी —"

आणि त्या ओरडल्या. "बाहेर ये!"

तीन आठवड्यांत पहिला शब्द. आवाज कसला, फाटलेला पत्रा. पण असा आला की मी विचार न करता बाजूला वळले. उजव्या पायाने जोर दिला, पुठ्ठा ऑइलवर घसरला, पाय निसटला. तेवढ्यात माझा डावा पाय कुणीतरी धरला. कॅलिपर नसलेला, काटकीसारखा. त्या पायाला माझ्याशिवाय डॉक्टरांचाच काय तो हात लागलाय, नवऱ्यालासुद्धा मी लागू देत नाही. तो घोट्याशी घट्ट धरून त्यांनी मला ओढलं. मी डोक्यासकट बाहेर आले आणि स्टँड कलंडला.

गाडी खाली आली. पूर्ण नाही — स्टेपनी मी आत सरकवून ठेवली होती, तिच्यावर टेकली. तरी जिथे माझं तोंड होतं तिथे आता वीतभरही जागा नाही. मोजली नाही. बघवलं नाही.

फळी मोडली होती. दोन्ही स्टँडखाली फळ्या टाकल्या होत्या, पण एक माझ्या जुन्या टेबलाची, दाबलेल्या भुशाची. ओल खाऊन फुगलेली. मला दिसत होतं ते. चालेल म्हटलं.

दोघी फरशीवर बसून होतो. त्या अजून पाय सोडत नव्हत्या. मग त्यांना खोकला आला. थांबेना. तोंडाला पदर लावला, आणि पदर लाल. पण त्यांचे हात लाल होते, माझे हात लाल होते, सगळीकडे तेच लाल ऑइल. मी पदर नाकाशी नेला. ऑइलचा वास येईना.

रक्त.

हॉस्पिटलला फोन केला. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, ओरडल्या असतील तर थोडं येऊ शकतं, गार पाणी घोट घोट द्या, बोलू देऊ नका. वाढलं तर लगेच घेऊन या. हो म्हटलं. कशातून आणू ते नाही सांगितलं. पॅन काचेच्या पाटावर, गाडी स्टेपनीवर.

दिरांचा फोन आला तेव्हा मी सासूबाईंना पाणी पाजत होते. सगळं ठीक ना, गाडीचं काय झालं? मी म्हटलं, "ते जरा —" आणि पुढे काय सांगावं कळेना. सांगायलाच हवं होतं. त्यांची आई आहे. सासूबाईंनी हात पुढे केला, माझ्या हातातला फोन घेतला, अंगठ्याने बंद केला आणि उशीखाली ठेवून दिला.

नंतर रक्त आलं नाही. झोपल्यात आता. मी दारात बसून श्वास ऐकतेय.

रविवार, ९ मार्च

सकाळी बदललेल्या साडीचा पदर पांढराच होता. तो बघितल्यावर चहा टाकला.

सिलंटला एक आख्खा दिवस हवा. उद्या निघायचं तर आज दहाच्या आत पॅन लागलं पाहिजे. म्हणजे परत खाली जायचं.

शेजारच्या सुताराकडून रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन तुकडे आणले. त्यानेच गाडी पुन्हा उचलून दिली, स्टँडला लाथ मारून बघितली, दोन्ही स्टेपन्या — एक त्याची स्वतःची — आत सरकवल्या. मी करतो म्हणाला बिचारा. पण त्याचे हात सुताराचे. इथे सिलंटची सुतळीएवढी जाड रेघ हवी, तुटता कामा नये, भोकाच्या आतल्या अंगाने वळली पाहिजे. मेणाची अशी रेघ मी डोळे मिटून ओढते. त्याला चहा दिला आणि पाठवलं.

पुठ्ठ्यावर बसले आणि आडवं होता येईना. पाठ टेकेचना. काही केल्या. दहा मिनिटं अशीच बसून होते, नि घड्याळ पुढे जात होतं.

सासूबाई आल्या. आज खुर्ची नाही आणली. माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या — गुडघे दुखतात त्यांचे, बसताना तोंड वाकडं झालं. एका हातात टॉर्च घेतला. दुसऱ्या हाताने माझा डावा घोटा धरला. आणि मानेने खूण केली, जा.

गेले.

उरलेली कड साफ केली, पुसली, परत पुसली. पॅनच्या कडेला सिलंटची रेघ ओढून नवं गॅस्केट बसवलं. पॅन वर धरून पहिले दोन बोल्ट लावताना एक नाकावर पडला. मग लागले. समोरासमोरचे, आळीपाळीने, आधी बोटांनी, मग पान्याने थोडे, मग आणखी थोडे. प्रत्येक वेळी वाटायचं, अजून एक फेरा देऊ का, गळलं तर? तिथेच हात थांबवायचा. कवळीच्या साच्याचा स्क्रूही असाच असतो, आवळावासा वाटतो तिथेच सोडायचा. सिलंट कडेने सारखं बाहेर आलं, सगळीकडे एकसारखं. छान दिसत होतं.

सगळा वेळ घोट्यावर हात होता. कधी टॉर्च हलला, हात नाही.

बाहेर आले तेव्हा पावणेदहा. आता उद्यापर्यंत काहीच करायचं नाही. ते सगळ्यात कठीण.

दिरांना निरोप पाठवला, उद्या आम्ही येतोय, आमच्या गाडीने. त्यांनी लिहिलं, खोली सोमवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवली आहे, काही झालं तर सांग.

सोमवार, १० मार्च

पहाटेच जाग आली. नऊपर्यंत तग धरला. सिलंटला पूर्ण दिवस मिळाला नाही, जवळजवळ मिळाला. नरसाळ्याने नवं ऑइल भरलं, इंजिन चालू केलं, गिअर एकेक करून फिरवला. खाली पांढरा कागद पसरला होता. बघत बसले.

कागदावर एक थेंब पडला.

मला रडूच आलं. दोन्ही दिवस डोळ्यांसमोर आले. सासूबाईंनी वाकून तो थेंब बोटावर घेतला, मला दाखवला. काळपट लाल. नवं ऑइल लालभडक असतं. परवाच्या सांडलेल्यातला कुठेतरी अडकलेला तो. मग थांबून राहिलो. दुसरा पडला नाही.

निघालो. चढ आला. लांबचा रस्ता होता, पण उशीर झाला होता, आणि एकदा बघायलाच हवं होतं. पुढे बस, मागे रांग. पाय दाबला. गाडी सरळ चढून वर गेली, काही विशेष न घडल्यासारखी. शेजारी हात डॅशबोर्डवर होताच, पण सैल.

डॉक्टरांनी घसा तपासला. सूज आहे, जखम नाही. या कुणावर ओरडल्या, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर. त्यांनी माझ्याकडे नापसंतीने बघितलं. आवाज नीट येईल की नाही ते आता शेवटीच कळेल म्हणाले. त्यामुळे गाठीच्या उपचाराला धक्का नाही, हेही म्हणाले. मी दोनदा विचारलं.

दिरांना कळवलं, खोली सोडा.

मंगळवार, ११ मार्च

कोरडं.

शनिवार, १५ मार्च

गॅरेजवाला स्टँड न्यायला आला होता. खाली वाकून बघितलं, बोट फिरवलं, बोट बघितलं. कोरडं. मोडक्या फळीकडे मात्र बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ताई, हे परत करू नका.

शुक्रवार, २८ मार्च

आज शेवटचं. मशीनमधून बाहेर आल्या, सिस्टरच्या गालाला हात लावला. तपासणी झाली, गाठ दिसत नाही. दर महिन्याला दाखवायचं. थोडं थोडं बोलायला परवानगी आहे. आवाज पहिल्यासारखा होणार नाही, हे डॉक्टरांनी हळूच माझ्याकडे बघत सांगितलं. सासूबाईंनी ऐकलंच.

परवा दीर येतायत न्यायला. नेहमी त्यांच्याकडेच असतात त्या, इथे उपचारापुरत्याच आल्या होत्या. सोमवारपासून खोली माझी. टेबल कुठे लावायचं, भट्टी कुठल्या भिंतीला, सगळं ठरवून ठेवलंय. कवळ्यांची रांग लागली आहे. किती दिवस वाट बघतेय मी या सोमवारची.

रविवार, ३० मार्च

दीर आले, जेवले. त्यांच्या मोठ्या गाडीच्या डिकीत सासूबाईंची बॅग ठेवली. सासूबाईंनी हात धुतले, चपला घातल्या, बाहेर आल्या आणि म्हातारीचं दार उघडून आत बसल्या. पट्टा लावला. दीर म्हणाले, आई, ती नाही, आपली ही. सासूबाईंनी काच वर केली.

दीर माझ्याकडे बघायला लागले. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी आत जाऊन किल्ली आणली, शेजारी बसले आणि गाडी सुरू केली. कुठे जायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं.